पाच मिनिटांचे काम

"पाच मिनिटांचे तर काम आहे," असे कुणी म्हणाले की हल्ली मला धडकी भरते. म्हणणारा ते काम स्वतः करणार नसेल तर जास्तच. मागच्या महिन्यात हे वाक्य मीच बोललो होतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या अण्णांची एक जुनी मोटार आहे. स्टेशनवर उतरलेल्या प्रवाशांना वेरूळ-अजिंठा दाखवून आणायचे, यावर आमचे घर चालते आणि माझी फीही त्यातूनच जाते. त्या रात्री अण्णा मुकुंदवाडीला घरी आले ते उजव्या दिव्याचा बल्ब उडालेली गाडी घेऊन. पहाटे चारला स्टेशनवर गिऱ्हाईक, आणि उजाडायच्या आत सिल्लोडचा रस्ता धरायचा. उजवा दिवा बंद असला की समोरच्याला फक्त डावा दिसतो. त्याला वाटते, मोटारसायकल आहे, कडेने चालली आहे. तो तेवढीच जागा सोडतो आणि अंधारातली अर्धी मोटार त्याच्या अंगावर येते. ड्रायव्हरच्या घरात हे पोरांना पाढ्यांबरोबर कळते.

"मी बसवतो अण्णा, पाच मिनिटांचे तर काम आहे." घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, तेव्हा गाडीचे इंग्रजी पुस्तक वाचण्याचा मान माझा. जालना रोडवरच्या दुकानातून बल्ब आणला. ६०/५५ वॉटचा, अप्पर आणि डिपर या दोन्हींच्या तारा एकाच काचेत. दुकानदाराने बजावले, "काच को हात नक्को लगाओ." बोटाचे तेल काचेला लागले की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

बॉनेट उघडले. दिव्याच्या मागे रबरी टोपी आणि तिला जवळजवळ खेटून बॅटरी. मध्ये चार बोटे जातील एवढीच जागा. अंगठा काय घरी ठेवून यायचा? बॅटरी काढावी म्हटले तर नट गंजलेला, दहा नंबरचा पाना नुसताच घसरतो. पुस्तक उघडले. रेडिओवर त्यात पानेच्या पाने होती. बल्बबद्दल दोन ओळी: एकीत वॉट, दुसरीत अधिकृत वर्कशॉपकडे जाण्याचा सल्ला. रात्री नऊला!

साडेदहापर्यंतची माझी कमाई अशी. पिन उष्णतेने चिकटली होती, ती ओढताना मनगटाची साल गेली. बल्ब दाबून धरणारी तारेची क्लिप वारंवार निसटत होती. बल्बच्या पत्र्याला तीन कान असतात आणि ते ठरावीक खाचांतच बसतात. डोळ्यांना यातले काही दिसत नाही, बोटांनाच कळावे लागते. तीनदा वाटले, बसला. तिन्ही वेळा उजेड समोरच्या लिंबाच्या शेंड्यावर! अण्णांनीही प्रयत्न केला, पण त्यांची बोटे माझ्याहून जाड.

"राहू दे लेकरा, जातो मी तसाच," ते म्हणाले. खोटे कशाला सांगू, मला रडू आले.

तेव्हा आठवीतली माझी बहीण म्हणाली, "मी बघू का?" दीड तास ती टॉर्च धरून उभी होती आणि आम्हा दोघांनाही तिला विचारावेसे वाटले नव्हते. तिचा हात सरळ आत गेला. डोळे मिटून तिने चाचपले, आणि थोड्या वेळाने क्लिपचा 'टक्' असा आवाज आला.

आता माझे म्हणणे. आपल्या गावाला मोटारींचे कौतुक आहे आणि ते रास्तच आहे. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला, २००१ साली शेंद्र्याला स्कोडाचा. (आमची गाडी या गावची नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.) पण बल्ब कधीतरी उडणारच, हे गाडीचा आराखडा करणाऱ्याला ठाऊक असते ना? मग तो बदलणाऱ्याच्या हाताची आठवण त्याला का होत नाही? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली मोटारी दुरुस्त करण्याच्या हक्काच्या कायद्याला कौल दिला. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारीही आहेत. चांगलेच झाले. पण अण्णा मराठी चौथी शिकले आहेत. ते रोज वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. त्यांचा हक्क इंग्रजीत ठेवला तर तो त्यांना कसा सापडणार? मराठीत चित्रासह एक पान असते, तर माझ्यासारख्या पंडिताची गरजच पडली नसती.

आणि आपण तरी काय करतो? वर्गात भाषांतराची तत्त्वे पाठ करतो. गाडीचे, पाण्याच्या मोटारीचे, शिलाई मशीनचे एकेक पुस्तक सोप्या मराठीत आणणे हा आपल्या बी.ए.च्या मुलांचा प्रकल्प का होऊ नये? ऑफसेट, टर्मिनल हे शब्द अण्णांच्या तोंडी आहेतच, ते बदलायची गरज नाही. अडते ते वाक्यांपाशी. सरांनी मनावर घेतले तर पहिले पुस्तक आमच्या घरून आणून देतो.

अण्णा पहाटे साडेतीनला निघाले. दोन्ही दिवे गल्लीच्या भिंतीवर पडले, उजवा जरासा वर. तो खाली आणायचा एक स्क्रू असतो म्हणे. बहिणीने रविवारी शोधायचे ठरवले आहे. टॉर्च मी धरणार.