मुलांना मुंबई दाखवणं ही चैन नाही



तालुक्याच्या बैठकीत एका ज्येष्ठ दादांनी माझ्यावर ठपका ठेवला, "प्रबोधनाचे पैसे तुम्ही सहलीत उडवले." प्रकरण एवढंच, की महाड-पोलादपूरच्या वाड्यांतल्या नऊ आया आणि सतरा पोरं घेऊन आम्ही एका रविवारी मुंबईला जाऊन आलो. बैठकीत मला उत्तराला दोन मिनिटं मिळाली. इथे जरा सविस्तर देते.

या पोरांचे बाप, काका मुंबईत राबतात. पोरांनी मात्र मुंबई पाहिली ती ६ डिसेंबरला, आईच्या कडेवरून, चैत्यभूमीच्या रांगेत. तिथे जायलाच हवं. पण त्याला शहर पाहणं म्हणत नाहीत. दरवर्षी १९-२० मार्चला अख्खा महाराष्ट्र महाड पाहायला येतो, बाया भाकऱ्या थापतात, पोरं पाणी वाटतात. महाडच्या पोरांनी काय पाहायचं, हे कुठल्याच मंचावरून कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

दादा दर भाषणात चवदार तळं सांगतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं. कागदावर. ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावं लागलं, आणि कोर्टातला निकाल लागायला १७ मार्च १९३७. बाबासाहेबांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की त्या पाण्यावाचून आपण मरत होतो म्हणून इथे आलेलो नाही. प्रश्न तहानेचा नव्हता, 'सार्वजनिक' या शब्दात आपण मोजले जातो की नाही याचा होता. मग सार्वजनिक तळं हा हक्क आणि सार्वजनिक बाग ही चैन, हे कुठलं गणित?

बागेच्या दारावर आज पाटी नसते, तिकीट असतं. राणीबागेचं तिकीट पूर्वी मोठ्यांना ५ आणि लहानांना २ रुपये होतं. पेंग्विन आले आणि २०१७ मध्ये ते ५० आणि २५ झालं. आई-बाप आणि दोन मुलं असतील तर १०० रुपयांचं सवलतीचं तिकीट. म्हणजे सवलत कुणाला, तर जाहिरातीतल्या चौकोनी कुटुंबाला. आमच्यासोबत तीन मुलांची एकटी आई होती. तिचे १२५ झाले. तिकीट म्हणजे अस्पृश्यता नव्हे, हे मला कळतं. पण कागदावर खुलं आणि खरोखर खुलं यातला फरक महाडच्या माणसाला पुन्हा शिकवावा लागू नये. बेस्टचं किमान भाडंही २०२५ मध्ये ५ वरून १० वर गेलं, तेव्हा आपल्यापैकी किती संघटनांनी निवेदन दिलं?

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत काय आहे, तेही आठवा. पहिलाच प्रसंग १९०१ चा. नवे कपडे घालून आगगाडीने वडिलांकडे सुट्टीला निघालेली मुलं. मसूर स्टेशनवर जात कळल्यावर बैलगाडी मिळेना, दुप्पट भाडं देऊन स्वतः हाकावी लागली आणि रात्रभर पाणी नाही. चौथा प्रसंग १९३४ चा. कार्यकर्त्यांसोबत वेरूळ, दौलताबाद पाहायला निघाले होते. होय दादा, सहलच. किल्ल्याच्या दाराशी हौदाच्या पाण्याने तोंड-पाय धुतले म्हणून गोंधळ झाला आणि आत सोडलं ते हत्यारी शिपाई बरोबर देऊन. फिरायला जाणं आपल्यासाठी कधी नुसतं फिरायला जाणं नव्हतंच.

आणि फुरसतीचं म्हणाल तर मजूरमंत्री म्हणून कारखान्यातल्या कामगाराला पगारी सुट्टी मिळावी यासाठी त्यांनीच विधेयक मांडलं. सुट्टीत कामगाराने काय करावं अशी अपेक्षा होती? आणखी एक भाषण ऐकावं?

तसंही आपल्या भाषणांत पोर रडलं की आई उठून मंडपामागे जाते. वर्षानुवर्षं जाते. प्रबोधन मंडपात आणि बाई मंडपामागे, यावर बैठकीत ठपका कुणी ठेवत नाही.

आता खर्च. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पाच वर्षांखालचं पोर फुकट, बारापर्यंत अर्धं. रात्रीच्या गाडीने निघालो, पहाटे दादर. चैत्यभूमी, मग समुद्र. राजगृह बाहेरून. दुपारी राणीबाग (बुधवारी बंद असते, लक्षात ठेवा), संध्याकाळी गिरगाव चौपाटी. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घरून. चटणीचा डबा उघडल्यावर शेजारचं एक कुटुंब उठून दुसऱ्या झाडाखाली गेलं. पोरांना ते कळलं नाही, आयांना कळलं. पण एकीनेही झाकण लावलं नाही. माझ्या लेखी त्या दिवसाचा सगळा खर्च तिथे वसूल झाला.

पोरं सगळ्यात जास्त वेळ पेंग्विनच्या काचेपाशी थांबली, कारण तिथे गार होतं. परत निघताना हात धरायला माणसं कमी पडली. सतरा पोरांमागे कार्यकर्ता एकही नव्हता, सगळं आयांवरच.

दादांचं एक म्हणणं मात्र खरं आहे. दुसऱ्या दिवशी जागरणामुळे दोघींची मजुरी बुडाली. म्हणून पुढची खेप शनिवारी पहाटे निघेल आणि रविवारी दुपारी परतेल, मुक्काम नातेवाइकांच्या खोल्यांवर. जायचं आहे कान्हेरीला. बोरिवलीच्या उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं मोठ्यांना वेगळं, पंधरा वर्षांखालच्यांना लेण्यांत तिकीट नाही. तिथे जवळजवळ प्रत्येक लेण्याशी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. शिलालेखात त्याला 'पोढी' म्हणतात, आणि काही ठिकाणी ते दान करणाऱ्याचं नावही कोरलेलं आहे. पोरांनी ते पाहावं आणि मग घरी येऊन चवदार तळं पाहावं. त्याआधी एका रविवारी गांधारपाले लेणी करणार आहोत. ती तर हायवेवरूनच दिसतात, तिकीटही नाही, तरी आमच्या सतरापैकी बारा जणांनी वर चढून पाहिलेली नाहीत.

भाकऱ्या आपापल्या आणाव्यात. दादांनीही यावं, दोन पोरांचे हात त्यांच्यासाठी राखून ठेवले आहेत.