फॉरमॅट मारण्याआधी तो हब काढा!



"कॉम्प्युटर नीट बंद होत नाही" ही तक्रार घेऊन कोणी दुरुस्तीच्या दुकानात गेलं, की पुढचे संवाद मला आता तोंडपाठ झालेत. पहिल्यांदा, "विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट मारूनही तेच झालं, की "एसएमपीएस गेलाय." एसएमपीएस बदलला तरी तेच, की मग "बोर्डाचाच प्रॉब्लेम आहे साहेब, नवीनच घ्या." आणि प्रत्येक पायरीवर एक वाक्य ठरलेलं, "तुम्हीच काहीतरी डाउनलोड केलं असणार!"

म्हणजे पैसे आपले, डेटा आपला आणि वर गुन्हाही आपलाच.

माझं म्हणणं सरळ आहे. अशा बऱ्याच तक्रारींमध्ये विंडोजचा काही संबंध नसतो आणि वापरणाऱ्याचा तर अजिबातच नसतो. टेबलामागे धूळ खात पडलेला, स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला स्वस्तातला यूएसबी हब हा खरा आरोपी असतो. पण त्याच्याकडे कोणी बघतही नाही.

आता हे कसं होतं ते बघू. घाबरू नका, इंजिनिअरिंगची परीक्षा घेत नाहीये :-)

यूएसबीच्या वायरीत एक तार ५ व्होल्टची असते. तिच्यातून वीज कॉम्प्युटरकडून जोडलेल्या वस्तूकडे जायची असते. यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून ठरल्याप्रमाणे जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३.० मध्ये ९००. कीबोर्ड-माउसला एवढं भरपूर झालं. पण एकाच पोर्टवर पोर्टेबल हार्ड डिस्क, वेबकॅम, प्रिंटर आणि पंख्यापासून दिव्यापर्यंत सगळा संसार लटकवला तर ती वीज पुरत नाही. म्हणून अ‍ॅडॅप्टरवाला हब घ्यायचा. तो भिंतीतल्या सॉकेटमधून वीज घेतो आणि पुढच्या वस्तूंना देतो. इथवर सगळं छान.

गोची अशी की हबच्या आत आता ५ व्होल्ट दोन ठिकाणांहून येतात. एक कॉम्प्युटरकडून, एक अ‍ॅडॅप्टरकडून. चांगल्या हबमध्ये या दोघांच्या मध्ये अडथळा असतो, डायोड किंवा ट्रान्झिस्टरचा स्विच. त्यामुळे अ‍ॅडॅप्टरची वीज कॉम्प्युटरच्या दिशेने जाऊ शकत नाही. स्वस्त हबमध्ये काय करतात? दोन्ही तारा थेट एकत्र जोडून टाकतात. झालं काम! पार्ट वाचला, चार पैसे वाचले. शिवाय डायोडमध्ये जो थोडासा व्होल्टेज खर्च होतो, तोही वाचला.

आता तुम्ही 'शट डाउन' दाबता. विंडोज आपलं काम इमानदारीने करतं. फाइली मिटवतं आणि बोर्डाला सांगतं, "झालं, बंद कर." बोर्ड एसएमपीएसला दिलेला चालू राहण्याचा सिग्नल काढून घेतो. एसएमपीएस मुख्य पुरवठे तोडतो. फक्त 'स्टँडबाय' नावाचा ५ व्होल्टचा बारीक पुरवठा तेवढा चालू राहतो, कारण पुन्हा बटन दाबल्यावर ते ऐकायला कोणीतरी जागं हवं ना! बाकी घर अंधारात जायला हवं.

पण हबचा अ‍ॅडॅप्टर तर चालूच आहे. तो यूएसबीच्या तारेतून उलटी वीज बोर्डात ढकलत बसतो. यालाच बॅकफीड म्हणतात. पोर्टपाशी बसवलेला फ्यूज ही उलटी वीज अडवत नाही, कारण फ्यूजला दिशा कळत नाही, किती वीज जातेय एवढंच कळतं. मग बोर्डावरचे काही भाग ना धड जिवंत ना धड मेलेले. पुढचा दिवा मिणमिणत राहतो, कधी पंखा फिरतच राहतो, कधी मशीन बंद होऊन लगेच आपोआप सुरू होतं. आणि सगळ्यात वैताग आणणारा प्रकार म्हणजे दुसऱ्या दिवशी बटन दाबलं तर ढिम्म! कारण चिपला नव्याने सुरुवात करायची तर आधी तिचा व्होल्टेज पूर्ण खाली यावा लागतो. तो मध्येच कुठेतरी लटकला असेल, तर आपण बंद झालो होतो हेच तिला कळत नाही.

आता कोणी म्हणेल, "अहो, हा तर अपवाद. स्वस्त मालात असं व्हायचंच." थांबा. ही काही निसर्गाची करणी नाही, हा सरळसरळ नियमभंग आहे. एप्रिल २००० मध्ये आलेल्या यूएसबी २.० च्या स्पेसिफिकेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय, की कोणत्याही उपकरणाने आपल्या वरच्या, म्हणजे कॉम्प्युटरकडच्या, पोर्टवर कधीही वीज पुरवायची नाही. 'कधीही' म्हणजे कधीही. यूएसबीचा अधिकृत लोगो हवा असेल तर जी तपासणी होते, त्यात बॅक-व्होल्टेजची वेगळी चाचणी आहे आणि तिची मर्यादा आहे ४०० मिलिव्होल्ट. म्हणजे अर्धा व्होल्टसुद्धा नाही, आणि हे लोक अख्खे पाच ढकलतायत!

म्हणजे नियम आहे, चाचणी आहे, काही रुपयांचा उपायही आहे. फक्त विचारणारा कोणी नाही. कारण ही तपासणी ऐच्छिक आहे. लोगो न घेता, खोक्यावर नुसतं 'यूएसबी' असं ठळक छापून माल विकायला कोणी अडवत नाही. अ‍ॅडॅप्टरवर बीआयएसचा नंबर असतो म्हणून निश्चिंत होऊ नका. तो अ‍ॅडॅप्टर शॉक देणार नाही, पेट घेणार नाही, यासाठी असतो. हबच्या पोटात तारा कशा जोडल्यात याच्याशी त्याचा संबंध नाही.

हे फक्त जुन्या डेस्कटॉपचं दुखणं आहे असंही नाही. २०१२ साली रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आला, तेव्हाही हाच अनुभव होता. मुख्य वायर काढली तरी बोर्ड चालूच, कारण हब मागून वीज पाजतोय! काही हौशी मंडळींनी तर ती सोयच करून घेतली, एक वायर वाचली म्हणून. जुगाड म्हणून कौतुक ठीक आहे, पण ज्याला कॉम्प्युटर खरोखर बंद करायचाय त्याने काय करायचं?

"आता सगळं टाइप-सी झालंय, आता कुठला बॅकफीड?" असंही एक मित्र म्हणाला. त्याचं अर्धं बरोबर आहे. टाइप-सीमध्ये समोर कोण आहे हे ओळखल्याशिवाय ५ व्होल्टची तार जिवंत करायची नाही, असा नियमच आहे. लॅपटॉपचा डॉक उलट दिशेने चार्जिंग करतो तेही आधी बोलणी करून, किती व्होल्ट आणि किती अँपिअर ते ठरवून. पाहुणा बेल वाजवून, विचारून आत आला तर त्याला आपण चहा देतो. मागच्या खिडकीतून शिरला तर पोलिसांना बोलावतो. जुन्या चौकोनी प्लगचा हब हा खिडकीतून शिरणारा आहे. आणि हे जुने प्लग अजून सीएच्या ऑफिसात, झेरॉक्सच्या दुकानात, शाळेच्या लॅबमध्ये आणि आपल्या आईबाबांच्या टेबलावर आहेतच की.

आमच्या नात्यातल्या एका काकांचं उदाहरण सांगतो. निवृत्तीनंतर सोसायटीचे हिशोब बघतात. कॉम्प्युटर बंद होत नाही म्हणून दुकानात नेला. दोनदा फॉरमॅट झाला, एकदा एसएमपीएस बदलला. दुसऱ्या फॉरमॅटमध्ये सोसायटीचे दोन वर्षांचे हिशोब गेले, कारण "बॅकअप घेतलाय का" हे त्यांना कोणी विचारलंच नाही. गंमत म्हणजे दुकानात मशीन दर वेळी झकास बंद व्हायचं! व्हायचंच. काका दुकानात फक्त 'सीपीयू' घेऊन जायचे, हब घरीच राहायचा. घरी आणून जोडला की रोग परत. मग दुकानदार म्हणायचा, "इथे तर चालतंय, तुमच्या वापरण्यात काहीतरी आहे." शेवटी काका मला फोनवर म्हणाले, "अरे, मलाच जमत नाही बहुतेक. वय झालं आता." मी रविवारी गेलो, हबचा अ‍ॅडॅप्टर काढला, शट डाउन केलं. बंद. पाच मिनिटं लागली.

मला राग येतो तो त्या "मलाच जमत नाही" चा. पैसे पुन्हा मिळवता येतात. पण चाळीस वर्षं चोख नोकरी केलेल्या माणसाला एका नियम मोडणाऱ्या डबीमुळे स्वतःवर शंका यावी? आणि ती शंका आपण, म्हणजे जाणकार म्हणवणारे, "रीस्टार्ट करून बघा", "व्हायरस असेल" असं म्हणून अजून पक्की करतो. आपल्या आयटीवाल्यांचं असंच आहे. हातात कीबोर्ड आहे म्हणून प्रत्येक रोग सॉफ्टवेअरचाच वाटतो.

असो. नुसतं भांडून भागत नाही, म्हणून तपासायची पद्धत देतो. कागदावर लिहून घ्या आणि घरच्यांनाही द्या.

१. हबचा अ‍ॅडॅप्टर सॉकेटमधून काढा, हब कॉम्प्युटरला तसाच राहू द्या. आता शट डाउन करा. नीट बंद झाला तर संशय पक्का होत चालला.

२. अ‍ॅडॅप्टर परत लावा, पण हबची कॉम्प्युटरकडची वायर काढा. याही वेळी नीट बंद झाला, तर दोष त्या जोडणीतच आहे.

३. कॉम्प्युटर बंद करा, त्याची मुख्य वायर भिंतीतून काढा, हब जोडलेला आणि चालू ठेवा. दोन-तीन मिनिटं थांबा. कॅबिनेटवर किंवा बोर्डावर एखादा दिवा अजूनही लागलेला दिसतोय? मग पुरावा हातात आला. मुख्य वायर काढलेल्या मशीनला वीज कुठून येतेय, सांगा बघू!

४. तिसऱ्या पायरीत काहीच दिसलं नाही, पण मशीन बंद होऊन आपोआप उठतंय, तर तो वेगळा प्रकार असू शकतो. हबवरचा माउस किंवा कीबोर्ड त्याला जागं करत असेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूच्या पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबवर जाऊन 'कॉम्प्युटरला जागं करू दे' ही खूण काढा. विंडोज ८ पासून आलेलं 'फास्ट स्टार्टअप'ही एकदा बंद करून बघा. ही सॉफ्टवेअरची पायरी आहे आणि ती चौथी आहे, पहिली नाही.

बॅकफीड सापडला तर तात्पुरता उपाय सोपा. कॉम्प्युटर आणि हबचा अ‍ॅडॅप्टर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा आणि शट डाउन झाल्यावर बोर्डाचं बटन बंद करा. विशेषतः कॉम्प्युटर एका सॉकेटवर आणि हब इन्व्हर्टरच्या सॉकेटवर असं करू नका, नाहीतर लाइट गेल्यावरही हब मशीनला वीज पाजत बसेल. कायमचा उपाय एकच, हब बदला.

आणि बदलताना दुकानदाराला एक प्रश्न विचारा. "किती पोर्ट आहेत" हा नव्हे. "हा हब उलटी वीज देतो का?" हा. त्याला उत्तर येणार नाही, हे मला माहीत आहे. तरी विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तो होलसेलवाल्याला विचारेल. ऑनलाइन घेत असाल तर घरी आल्या आल्या तिसरी पायरी करून बघा, दिवा लागला तर परत पाठवा आणि रिव्ह्यूमध्ये कारण लिहा. "खराब आहे" एवढंच नको, "बंद कॉम्प्युटरमध्ये उलटी वीज सोडतो" असं लिहा.

कायदाही अगदीच कोरा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष डिझाइनमुळे दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं तर उत्पादकाची जबाबदारी धरलेली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. हबची किंमत पाहून आपण सोडून देतो. पण मोजायची ती हबची किंमत नाही, त्याच्यामुळे बदललेल्या एसएमपीएसची आणि पुसल्या गेलेल्या हिशोबांची.

दुरुस्तीवाल्या मित्रांना एवढंच सांगणं, की फॉरमॅटची सीडी म्हणा, पेनड्राइव्ह म्हणा, हातात घेण्याआधी एक वाक्य विचारा, "घरी याला काय काय जोडलेलं असतं?" फुकट आहे, आणि कोणाचाही डेटा जात नाही.

चला, चहा गार झाला. या रविवारी घरच्या टेबलामागे एकदा वाकून बघाच. काय सापडलं ते नक्की कळवा!