पोरगी डॉक्टर झाली, मग रडते का? : कोरोनात शिकलेल्या बॅचेसचा ताण

मागच्या महिन्यात सिंदेवाही तालुक्यातले एक शेतकरी पत्नीचा बीपी दाखवायला माझ्याकडे आले होते. तपासणी झाली, गोळ्या लिहून दिल्या, तरी ते उठेनात. शेवटी पत्नीला बाहेर बसायला सांगून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगी एमबीबीएस झाली. आता बॉण्डवर सरकारी दवाखान्यात आहे. पण फोनवर धड बोलत नाही. बोलली तर रडते. गावात कोणाला सांगायची सोय नाही. लोक म्हणतील, डॉक्टर झाली अन् रडते कायले?"

मुलगी २०१९ च्या बॅचची. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बॅचचा आकडा ऐकल्यावर मला बऱ्याच गोष्टी उलगडल्या. त्या तुम्हालाही माहीत असाव्यात, कारण कोरोनात शिकलेली हीच मुले आता डॉक्टर म्हणून तुमच्यासमोर येत आहेत. कदाचित त्यातले एखादे तुमच्याच घरचे असेल.

त्या बॅचेसचे नेमके काय झाले?

२०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या मुलांसाठी एमबीबीएसचा अभ्यासक्रमच नवा होता. मुलांना लवकर रुग्णाजवळ न्यायचे, असा त्याचा हेतू. काही महिने गेले आणि मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. वसतिगृहे रिकामी झाली. शरीररचना विच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहून शिकायची असते. ती ही मुले मोबाइलच्या पडद्यावर शिकली. कॉलेजे पुन्हा उघडायला डिसेंबर उजाडला.

त्यांच्यामागच्या बॅचची नीट परीक्षा १३ सप्टेंबर २०२० ला झाली आणि वर्ग सुरू झाले फेब्रुवारी २०२१ मध्ये. दोन महिन्यांत दुसरी लाट आली. त्यानंतरच्या बॅचचे वर्गही फेब्रुवारी २०२२ मध्येच सुरू झाले. एरवी हे वर्ग ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात. बुडालेले महिने भरून काढायला वर्ष आवळले, सुट्ट्या कापल्या. अभ्यास मात्र तेवढाच राहिला.

आपल्या भागात याला आणखी एक पदर होता. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, कोरची या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत फोनला रेंज नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा गावात परतलेल्या मुलाने ऑनलाइन लेक्चर कुठे बसून ऐकायचे? रेंज मिळेल त्या टेकाडावर किंवा नातेवाइकाच्या गावी जाऊन. घरच्यांना वाटायचे, पोरगा मोबाइल घेऊन बसलाय म्हणजे रिकामाच आहे. रोवणीला हात तरी लावावा. चूक कोणाचीच नव्हती. पण घरात पहिल्यांदाच कोणी डॉक्टर होत असेल, तर "मी मागे पडतोय" हे सांगायला त्याला घरात माणूस नसतो. हा एकटेपणा पुढे वर्षानुवर्षे सोबत राहतो, असा माझा अनुभव आहे.

थोड्या मोठ्या मुलांचे हाल वेगळे होते. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये सुरू झाले. साडेचार वर्षांचा हिशेब करा. तिथली पहिलीच बॅच इंटर्न झाली ती महामारीच्या तोंडावर. ३ मे २०२१ ला केंद्र सरकारने इंटर्नना कोविड ड्युटीवर लावण्याचा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली फोनवरून सल्ला व सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवण्याच्या कामाला घेण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वेळी पदव्युत्तर प्रवेशाची नीट परीक्षा किमान चार महिने पुढे ढकलली. ती १८ एप्रिलला व्हायची होती, झाली ११ सप्टेंबरला. मग प्रवेशप्रक्रिया कोर्टात अडकली आणि समुपदेशन सुरू झाले १२ जानेवारी २०२२ ला. एवढे महिने देशभरातल्या मोठ्या रुग्णालयांत पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टरच नव्हते. तीन बॅचचे काम दोन बॅचेस ओढत होत्या.

त्या उन्हाळ्यात मीही कोविड केंद्रात ड्युटी केली आहे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पीपीई किट चढवले की सहा तास पाणी नाही, लघवी नाही. माझ्या पाठीशी पंधरा-वीस वर्षांची प्रॅक्टिस होती, तरी मृत्यूची बातमी नातेवाइकांना फोनवर सांगताना माझा आवाज फुटत नसे. शेजारी उभे असलेले पोरगे तेवीस वर्षांचे होते. आयुष्यातला पहिला मृत्यू त्याने त्याच आठवड्यात पाहिला होता, आणि त्याच आठवड्यात आणखी बरेच.

कोरोना गेला, ताण गेला का?

नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती दलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यांच्या ऑनलाइन सर्वेक्षणात एमबीबीएसच्या २५,५९० आणि पदव्युत्तरच्या ५,३३७ विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. एमबीबीएसच्या २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले. आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचे एमबीबीएसच्या सुमारे १६ टक्के, तर पदव्युत्तरच्या सुमारे ३१ टक्के मुलांनी कबूल केले.

हे आकडे जरा जपून वाचा. अशा सर्वेक्षणात ज्याला त्रास आहे तो अधिक उत्साहाने उत्तरे देतो, त्यामुळे खरे प्रमाण कमी असू शकते. पण निम्मे धरले तरी ते थोडे नाही. माझे मत विचाराल तर हा ताण कोरोनाने निर्माण केला नाही. तो आधीपासून होता, कोरोनाने त्याच्यावरचे झाकण काढले. निवासी डॉक्टरांना सलग १२ तासांहून आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम देऊ नये, असे केंद्राचे निर्देश १९९२ पासून आहेत. २०२४ च्या अहवालाने मर्यादा सुचवली ७४ तासांची, शिवाय आठवड्याला एक सुट्टी. म्हणजे तीस वर्षांनी आपण वर सरकलो! आणि एवढे पाळले तरी पुष्कळ, अशी स्थिती आहे.

नेहमीचा ताण आणि आजार यातला फरक

परीक्षेपूर्वी झोप उडणे, चिडचिड, पोट बिघडणे हा ताण झाला. परीक्षा संपली की तो ओसरतो. कामाने माणूस इतका शिणतो की रुग्णाबद्दल काही वाटेनासे होते, त्याला बर्नआउट म्हणतात. खरी विश्रांती मिळाली की तो बराच कमी होतो. नैराश्याचे तसे नाही. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास, आवडीच्या गोष्टीत रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, लक्ष लागत नाही, "मी नालायक आहे" असे सतत वाटणे. हा आजार आहे, आणि त्याला उपचार आहेत.

दूर राहणाऱ्या पालकांना ही लक्षणे दिसत नाहीत. त्यांना फोन टाळणे, सणालाही घरी न येणे, न दिलेली परीक्षा दिल्याचे सांगणे, दारू, सारखी डोकेदुखी असे काही कळते. वैद्यकीय मुलांत आणखी एक धोका असतो. औषधे हाताशी असल्याने ती स्वतःच झोपेची गोळी सुरू करतात. "मला कळतं काय घ्यायचं ते," असे उत्तर मिळाले तर काळजी कमी करू नका.

मुलाशी बोलताना "आता एकच वर्ष राहिलं" किंवा "तुझ्यासाठी शेत गहाण ठेवलं" यापासून सुरुवात करू नका. आधी जेवणाचे आणि झोपेचे विचारा. मग सरळ विचारा, "जगू नये असं वाटतं का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट सांगायला वाट मिळते. उत्तर "हो" असेल तर त्याला एकटे सोडू नका. धानाच्या, कापसाच्या फवारणीची औषधे घरात असतात, ती त्याच दिवशी कुलपात टाका किंवा घराबाहेर हलवा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही जाता येते.

"नोंदणी जाईल, सगळ्यांना कळेल" ही भीती जवळजवळ प्रत्येक मुलाला असते. नैराश्यावर उपचार घेतले म्हणून डॉक्टरची नोंदणी रद्द होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांची नशा किंवा चटक लागत नाही. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटले म्हणून त्या मनाने बंद करायच्या नसतात.

रुग्ण म्हणून तुमचाही यात वाटा आहे. रात्री दोनला दवाखान्यात एकटी डॉक्टर असते. रुग्णवाहिकेला उशीर होतो, औषध संपलेले असते. यातले तिच्या हातात फारसे काही नसते. तक्रार जरूर करा, पण तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे, लेखी.

ते सिंदेवाहीकडचे गृहस्थ त्याच आठवड्यात पत्नीला मोटारसायकलवर मागे बसवून, डबा घेऊन पोरीकडे गेले. ती रजा घेऊन काही दिवस घरी आली, मानसोपचारतज्ज्ञांना भेटली, गोळ्या सुरू झाल्या. परवा वडील पुन्हा आले होते. या गोळ्यांवर पोरीने स्कूटी चालवली तर चालेल का, एवढेच त्यांना विचारायचे होते. म्हटले, पहिले काही दिवस सुस्ती वाटत असेल तर नको. नसेल वाटत तर चालवू द्या.