आधी तरवड, मग कास

घटस्थापना तोंडावर आली आहे. बारामतीच्या बाजारात सुगडी, परड्या आणि काळ्या मातीच्या पुड्या विकायला आल्या आहेत. जळोचीतल्या जुन्या माणसांना या शेवटच्या वस्तूची गंमत वाटते. घटासाठी माती विकत आणायची, हे एकेकाळी इथे कुणाला सांगूनही खरे वाटले नसते. बांधावर जायचे, ओंजळभर काळी उचलायची, खडे वेचायचे, झाले. पण गाव नगरपरिषदेच्या हद्दीत गेले, शेजारी एमआयडीसी वाढली, रानांचे प्लॉट पडले आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांची संख्या वाढली. त्यांनी माती आणावी कुठून? तेव्हा पुडी घेणाऱ्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मातीशिवाय घट बसत नाही एवढे त्याला अजून ठाऊक आहे, हेच पुष्कळ.

एरवी कुंडीला हात न लावणारी माणसेही नवरात्रात नऊ दिवस बागकाम करतात, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. परडीत माती पसरायची, त्यात सात प्रकारचे धान्य पेरायचे, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा. हा घट पाझरतो. त्याच्या अंगातून झिरपणारे पाणी भोवतीच्या मातीला लागेल तेवढेच मिळते, ना चिखल होतो ना माती सुकते. कोरडवाहू भागात झाडाच्या मुळाशी मडके पुरून पाणी देतात, त्यातले तत्त्व हेच. देवघरात उजेड कमी, म्हणून कोंब हिरवे न होता पिवळसर राहतात आणि उजेडाच्या शोधात भराभर उंच होतात. दसऱ्याला टोपीत किंवा कानावर खोवायचे ते सोनेरी तुरे म्हणजे खरे तर उन्हाला आसुसलेली रोपे. हे समजल्याने भक्तीत काही उणे येत नाही. उलट रोज सकाळी परडीत किती वर आले ते बघणाऱ्या नातवंडाला जे सुख मिळते, तेच गच्चीवर कुंड्या लावणाऱ्या आजोबांना बारा महिने मिळत असते.

जळोची, रुई, तांदूळवाडी या भागांत गेल्या काही वर्षांत गच्च्या आणि पडव्या कुंड्यांनी भरून गेल्या आहेत. रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, प्लास्टिकचे ड्रम, काहीही चालते. खताला तोटा नाही. मेंढ्या बसवण्याची चाल या मुलखात जुनी आहे, त्यामुळे लेंडीखत मिळते. पालापाचोळा आहे, उसाचे पाचट तर मागावे तेवढे. अडचण आहे ती पाण्याची. बोअरचे पाणी क्षारयुक्त, आणि कुंडीला शेतासारखा निचरा नसतो. दोन उन्हाळ्यांत कुंडीच्या काठावर पांढरे कडे चढते, जास्वंदीच्या पानांच्या कडा करपतात आणि घरमालक रोपवाटिकेतून आणखी एक औषध घेऊन येतो. औषधाने क्षार जात नाहीत. पावसाळ्यात कुंड्या पन्हाळीखाली सरकवून दोन-चार दमदार पावसांत धुऊन निघू द्याव्यात, हा बिनपैशाचा उपाय ज्यांनी केला त्यांच्या जास्वंदी बघाव्यात.

इथल्या घरबागेत एक गोष्ट मात्र अशी दिसते, जी पुण्या-मुंबईच्या बाल्कनीत क्वचितच दिसेल. इंदापूरकडचा डाळिंबवाला बाग 'ताणावर' सोडतो. पाणी तोडतो, पानगळ होऊ देतो, छाटणी करतो, मग खत-पाणी देऊन बहार धरतो. मृग, हस्त की आंबे बहार, हे भाव आणि पाणी बघून ठरवतो. त्याचीच बहीण किंवा भावजय जळोचीच्या गच्चीवर मोगऱ्याला तेच करते. डिसेंबरात मोगऱ्याचे पाणी तोडायचे. पाने मलूल झाली तरी मन घट्ट ठेवायचे. जानेवारीत उरलेली पाने काढून फांद्या निम्म्याने छाटायच्या, मुळाशी लेंडीखत घालून माती हलवायची आणि मग पोटभर पाणी द्यायचे. आठ-पंधरा दिवसांत पेरापेरातून लालसर हिरवे डोळे फुटतात, आणि मार्चपासून एकेका फुटव्याच्या टोकाला तीन-तीन कळ्या येतात, मधली मोठी आणि बाजूच्या दोन लहान. रोज न चुकता पाणी घालणाऱ्या शेजारणीचा मोगरा तोवर नुसता पानांनी माजलेला असतो. झाडाला कधी उपाशी ठेवायचे हे कळणे म्हणजे बागकाम कळणे. हे ज्ञान इथे शेतातून जिना चढून गच्चीवर आले आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर 'प्रयोग परिवारा'तून आयुष्यभर जे सांगत राहिले, की शेतीचे शास्त्र सामान्य माणसाने आपल्या अंगणात स्वतः ताडून पाहावे, ते याहून वेगळे काय होते?

देवपूजेच्या फुलांबद्दल इथे जरा आडवळणाने. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, निशिगंध तिकडचाच. शेवंती आणि अॅस्टर चीनकडून आले. सदाफुली मादागास्करची आणि संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी अमेरिका खंडातली. दसऱ्याच्या तोरणात आणि देवीच्या वेणीत ही मंडळी इतकी रुळली आहेत की त्यांना परकी म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही, आणि म्हणूही नये. पण नवरात्रात घटावर रोज जी माळ चढते, तिच्यात आपल्या भागात एक फूल हमखास असे, आणि ते अस्सल इथले होते. तरवडाचे.

त्याकडे वळण्याआधी कासचे बोलायला हवे, कारण सध्या सगळे तिकडेच निघाले आहेत. श्रावण सरला की बारामतीहून फलटणमार्गे साताऱ्याकडे रविवारी पहाटे गाड्या लागतात. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सकाळी निघून रात्री घरी. आपल्याकडे जिथे वर्षभरात पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी लोक खूश असतात, तिथून निघून ढगात बुडालेल्या बाराशे मीटर उंचीवरच्या सड्यावर पोचणे हाच एक आनंद आहे. खाली जांभा दगड, वर मातीचा जेमतेम थर, आणि त्या थरावर सुमारे ८५० प्रकारच्या सपुष्प वनस्पतींची नोंद. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले, त्यात कास आहे.

पण तिथे गेल्यावर आपण बघतो काय? बहुतेकांना हवा असतो गालिचा. सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, गेंदांचा पांढरा. गालिचा नसला की 'यंदा काही खास नाही' म्हणत मंडळी भजी खायला वळतात. ज्याने घरी कधी एखादे रोप वाढवले आहे, तो मात्र वाटेच्या कडेला उकिडवा बसतो. त्याला ओल्या दगडाच्या खाचेत बोटभर उंचीचे दवबिंदूचे रोप दिसते. पानांवर लाल केसांची दाटी आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. त्यात एखादे चिलट अडकलेले असते. शेजारीच सीतेच्या आसवांची निळसर जांभळी फुले डोलत असतात. दिसायला नाजूक, पण ओल्या मातीखाली त्यांच्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव शोषून घेत असतात. ही झाडे मांसाहारी का झाली, हे कुंडीत लेंडीखत घालणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. जांभ्यावर नत्र नाही. ज्याला मुळाशी खत मिळत नाही, तो ते हवेतून पकडतो.

कास ही बाग नाही, हे आपल्या अजून पचनी पडलेले नाही. तिथे कुणी वाफे केलेले नाहीत आणि पाणी घालायला माळी नाही. टोपली कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते. आपण सुट्टी काढून गेलो म्हणून ती लवकर उमलत नाही. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या समित्या वन विभागाबरोबर तिथली व्यवस्था बघतात, रोजची गर्दी मोजून आत सोडतात. त्यावरही 'पैसे भरलेत ना!' म्हणून फुलांत आडवे पडून फोटो काढणारे महाभाग असतातच. पठाराला एकदा कुंपण घातले, पुढे ते काढले. चराई थांबली की उंच गवत छोट्या फुलांना गिळते असे काही अभ्यासक सांगत होते. हिमालयातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्येही चराई बंद केल्यावर एकाच जातीच्या झुडपाने मुसंडी मारल्याची तक्रार जुनी आहे. म्हणजे गुरे, माणसे आणि फुले यांचे नाते आपण समजतो तेवढे सोपे नाही.

माणसाने केलेल्या बागांची गोष्ट वेगळी. श्रीनगरचे ट्यूलिप, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले जानेवारीतले पुष्पप्रदर्शन, हे सगळे जरूर पाहावे. ती माणसाच्या हाताची कारागिरी आहे आणि तिला दाद द्यायलाच हवी. बारामतीत 'कृषिक' हे कृषी प्रदर्शन भरते तेव्हा नांगर-ट्रॅक्टर सोडून फुलांच्या वाफ्यांपाशी रेंगाळणाऱ्या बायका बघितल्या की आमचे हे मत पक्के होते.

आता तरवड. पिवळाधमक, पाच पाकळ्यांचा, मुरमाड माळावर कमरेएवढा वाढणारा. याला आवळही म्हणतात. साल चामडे कमावायला वापरत. मेंढ्या-शेळ्या त्याच्या वाटेला फारशा जात नाहीत, म्हणून चरून चरून सपाट झालेल्या माळावरही तो टिकून राहतो. भाद्रपद-आश्विनात सकाळी त्याच्यापाशी पाच मिनिटे उभे राहावे. काळा भुंगा फुलावर बसतो आणि एकदम त्याच्या गुणगुणण्याचा सूर बदलतो, चढा आणि घरघरणारा होतो. तरवडाच्या फुलात मध नसतो, आणि पराग कोशाच्या टोकाच्या बारीक भोकातूनच बाहेर पडतो. भुंगा अंग थरथरवून तो झटकून काढतो. गच्चीवरच्या वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलांची रचनाही अशीच. तेव्हा वांगी धरत नाहीत म्हणून फवारणी वाढवणाऱ्याने आधी बघावे, आपल्या गल्लीत भुंगा उरला आहे का आणि त्याला बारा महिने काही खायला आहे का.

तरवडाच्या आसपास वाकून बघितले तर विष्णुक्रांतेची इवलीशी निळी फुले, गोखरूची पिवळी, भुईरिंगणीची जांभळी, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, कुंपणात कळलावीच्या ज्वाळा. यासाठी कुठलेही बुकिंग लागत नाही. आपल्याच तालुक्यात शिर्सुफळ आणि इंदापुरात कडबनवाडी इथे वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. लोक चिंकारा आणि लांडगा बघायला जातात. हरकत नाही, पण गाडी थांबेल तेव्हा नजर खालीही टाकावी. भिगवणला रोहित पक्षी बघायला पुण्याहून झुंडी येऊ लागल्या, तेव्हा आपल्याला समजले की उजनीचे पाणी पाहण्यासारखे आहे. माळ पाहण्यासारखा आहे हे समजायला तरी बाहेरच्यांची वाट का बघावी?

सातबाऱ्यावर या जमिनीला पडीक म्हणतात, आणि तिचे नशीब तिथेच फिरते. पडीक म्हटले की जेसीबी लागतो, नाहीतर वृक्षारोपणाचा उत्साह येतो आणि माळावर गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहतात. झाडे लावणे चांगले, पण गवताच्या माळावर, जिथे तरवड, चिंकारा आणि माळटिटवी आधीपासून नांदत आहेत, तिथे ती लावणे म्हणजे भरल्या घरात नवे बिऱ्हाड घुसवणे. नगरपरिषदेने मोकळ्या जागांवर बागा कराव्यात, पण एखादी जागा जशी आहे तशी सोडण्याचेही धाडस दाखवावे. त्याला लॉनपेक्षा खर्च कमी येईल.

फुलांच्या सहलीला निघणाऱ्याची एक खरी पंचाईत असते: मागे कुंड्यांना पाणी कोण घालणार? चार दिवस काश्मीरला गेलेल्या माणसाची तुळस घरी वाळते. शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवावी, येताना त्यांच्यासाठी केशराची डबी आणावी. तेही जमत नसेल तर घटातून उतरलेले सुगड फेकू नये. मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे, झाकण ठेवावे. दोन-तीन दिवस निघतात.

आणि या नवरात्रात तरवडाच्या माळेसाठी फुले तोडाल तेव्हा एकाच झुडपाला ओरबाडू नका, प्रत्येकाची थोडी घ्या आणि शेंगा धरू द्या. हिवाळ्यात त्या वाळतील. बी टणक असते, रात्रभर कोमट पाण्यात भिजवून मगच पेरावे. रोप कुंडीत फार दिवस ठेवू नका, त्याची मुळे लवकर खोल जातात. कुंपणाबाहेर, गटाराच्या कडेला, प्लॉटच्या कोपऱ्यात, जिथे आणखी काही येत नाही तिथे ते लावा. पहिला उन्हाळा सोसला की त्याला तुमच्या पाण्याची गरज राहत नाही.