बरहुकूम नक्कल

ज्या गृहस्थाने आयुष्याची चौतीस वर्षे महसूल खात्याच्या कचेरीत बसून फेरफारांच्या नोंदी ओढल्या, सातबाराचे उतारे दिले आणि प्रत्येक उताऱ्याखाली ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा मारून सही केली, त्याच गृहस्थाने सेवानिवृत्तीनंतर लोण्यात साखर फेटून एका जपानी बोक्याची नक्कल उतरवावी, हा योग त्याच्या पत्रिकेत कोणत्या ग्रहाने लिहून ठेवला होता हे मला सांगता येणार नाही. परंतु गेल्या वैशाखात, नातीच्या अकराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, तो आला खरा. नातीचे फर्मान निःसंदिग्ध होते. केक घरीच करायचा, चॉकलेटचा करायचा, आणि त्यावर जीजी पाहिजे.

आमच्या घराण्यात जीजी या नावाच्या एक करारी आत्याबाई होऊन गेल्या, त्यामुळे क्षणभर माझा घोटाळा झाला. तो नातीने मला पडद्यासमोर बसवून दूर केला. एको कादोनो या जपानी लेखिकेच्या १९८५ सालच्या बालकादंबरीवरून हायाओ मियाझाकी यांनी १९८९ साली एक चित्रपट काढला. त्यात किकी नावाची तेरा वर्षांची चेटकीण, त्या कुळाच्या रिवाजाप्रमाणे, एक वर्षाकरिता घर सोडून परमुलखात जाते, समुद्रकाठच्या एका शहरात बेकरीच्या माळ्यावर बिऱ्हाड थाटते आणि झाडूवर बसून लोकांची पुडकी घरपोच करण्याचा धंदा मांडते. तिच्यासोबत असणारा, माणसासारखे बोलणारा, थोडा भित्रा आणि बराचसा फटकळ काळा बोका म्हणजे हा जीजी. अशा जपानी चलच्चित्रांना नातीच्या पिढीत ‘ॲनिमे’ म्हणतात, आणि आमच्या बालपणी जो मान पुराणकथांतील पात्रांना होता तो सांप्रत त्यांतील पात्रांकडे गेला आहे, एवढे ज्ञान मला त्या बैठकीत झाले.

‘काळा बोका’ हे शब्द कानी पडताच आमच्या सौभाग्यवतींनी हरकत नोंदवली, आणि ती अगदीच बिनबुडाची होती असे मी म्हणणार नाही. ज्या घरात संक्रांतीखेरीज सणावाराला काळे वस्त्र अंगाला लागू देत नाहीत, जिथे मांजर आडवे गेले की निघालेला माणूस उंबऱ्यातून परत फिरतो आणि घोटभर पाणी पिऊन मग बाहेर पडतो, जिथे वाढदिवसाला निरांजन लावून ओवाळायचे असते, फुंकर घालून दिवे विझवायचे नसतात, त्या घरात मुलीच्या जन्मदिवशी पाटावर काळे मांजर येऊन बसणे म्हणजे धर्मशास्त्राची कसोटीच. नातीने आपल्या बाजूने पुरावा मांडला: जपानात दुकानांच्या दर्शनी भागी पंजा उचललेल्या मांजराची बाहुली ठेवतात, तीत काळ्या रंगाची बाहुली अरिष्ट टाळणारी समजतात, शिवाय तिकडच्या एका मोठ्या घरपोच सेवेच्या मोटारींवर पिलाला तोंडात धरलेली काळी मांजरीच रंगवलेली असते. “अगं, जपानातली अरिष्टं जपानी मांजराला कळत असतील,” सौभाग्यवती म्हणाल्या, “आपल्याकडची त्याला कशी ओळखू यायची?” अखेर तह झाला आणि त्याची चार कलमे मी रीतसर कागदावर उतरवली. आधी औक्षण, मग केक. मेणबत्ती लावल्यास ती आपोआप विझेपर्यंत हात लावू नये. बोका बसलेला असावा, कोणत्याही सबबीवर आडवा जाताना दिसू नये. आणि मुलीच्या नावावरून सुरी फिरवू नये.

याच सुमारास सकाळी फिरावयास येणाऱ्या आमच्या मंडळातील एका सद्गृहस्थांनी, केक परका, त्यावरचे चित्र परके, मग आपले असे राहिले काय, अशी फिर्याद माझ्यापुढे दाखल केली. ती मी त्याच बाकावर निकाली काढली. पोर्तुगीजांनी गोवे घेतले १५१० साली आणि ते जपानच्या किनाऱ्याला लागले १५४३ साली. दोन्हीकडे त्यांनी आपल्या रोटीचे नाव मागे ठेवले, त्याचा आपण ‘पाव’ केला आणि जपान्यांनी ‘पान’. नागासाकीला कास्तेला म्हणून जो स्पंजासारखा केक आजही नावाजला जातो तो त्याच लोकांच्या पाकक्रियेचा वंशज, आणि गोव्याच्या घरांतून रवा-नारळाचा बात भाजला जातो त्याचेही गोत्र फार दूरचे नाही. वडापाव खाताना ज्यांना परकेपणाची उचकी लागत नाही, त्यांनी केकची जात विचारू नये. राहता राहिला चित्राचा प्रश्न. साखरेत आकृती घडवणे हे आमच्या बायकांना कोणी जपानातून शिकवलेले नाही. कोळशाच्या मंद शेगडीवर बोटे भाजून घेत त्या हलव्याला काटा आणीत आल्या आहेत, आणि रुखवतात मांडलेली खोबऱ्या-साखरेची कलाकुसर ज्यांनी पाहिली आहे त्यांना बोक्याचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष केकविषयी फार लिहीत नाही. ती सूनबाईंची हद्द, आणि तिथे माझी नेमणूक मैदा चाळण्यापुरती होती. घरात अंडे न खाणारी माणसे असल्याने दह्याचा केक ठरला. एक वाटी दही आणि पाऊण वाटी साखर एकजीव करून त्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा व सव्वा चमचा बेकिंग पावडर घातली की पाच मिनिटांत मिश्रण फसफसून वर येते. मग अर्धी वाटी तेल आणि दीड वाटी मैदा, त्या मैद्यातले तीन चमचे काढून तितकाच कोको. १८० अंशांवर चाळीस मिनिटे, आणि मध्यभागी खुपसलेली विणकामाची सुई कोरडी निघाली की काम फत्ते. असे दोन थर भाजले. आमच्या संसाराच्या आरंभी हाच प्रकार कुकरच्या तळाशी वाळू पसरून, शिटी काढून ठेवून करीत असत. तो एका बाजूला करपे आणि दुसऱ्या बाजूला कच्चा राही, तरी उरत नसे.

खरी परीक्षा काळ्या रंगाची. चॉकलेटच्या तपकिरी पृष्ठावर काळा बोका बसवणे म्हणजे अमावास्येच्या रात्री छत्री हुडकणे. म्हणून त्याच्या पाठीमागे फिकट पिवळा पूर्णचंद्र काढावयाचा असे ठरले. अडीचशे ग्रॅम लोण्यात अर्धा किलो पिठीसाखर फेटून जे शुभ्र क्रीम तयार होते, त्यात बाजारचा काळा रंग थेंबाथेंबाने घालीत गेलो तर ते प्रथम राखाडी, मग जांभळट, मग शिळ्या मेंदीसारखे झाले, पण काळे म्हणून होईना; आणि होईपर्यंत रंग ओतावा तर जिभेला कडवटपणा लागतो. उपाय सूनबाईंना ठाऊक होता. क्रीम आधी कोको घालून गडद तपकिरी करावे, मग अगदी थोडा काळा रंग द्यावा आणि रात्रभर शीतकपाटात ठेवून द्यावे. रंग मुरतो आणि सकाळी काजळ तयार असते.

तपकिरीची काळ्यात बढती झाल्यावर माझी नेमणूक झाली. “आबा, तुमचं अक्षर चांगलं आहे,” या एकाच शिफारशीवर मला कोन मिळाला. सूनबाईंचा हात मेंदीच्या कोनावर तयार झालेला, माझा टाकावर. परंतु टाकातली शाई तळहाताच्या उष्णतेने पातळ होत नाही, आणि वैशाखातल्या पुण्यात लोण्याचे क्रीम चार ओळींत पातळ होते. म्हणून दोन कोन करावे, एक हातात आणि एक शीतकपाटात, आणि पहाऱ्यावरचे शिपाई बदलावे तसे ते बदलीत जावे.

पद्धत अशी, की चित्र केकवर काढायचेच नाही. ते बटर पेपरवर काढायचे, गोठवायचे, केकवर उलटे ठेवायचे आणि कागद सोलून घ्यायचा. याचा अर्थ, जे सर्वांत वर दिसावयाचे ते सर्वांत आधी काढले पाहिजे. पहिल्या प्रथम मोहरीएवढ्या दोन बाहुल्या. त्या फ्रीझरमध्ये घट्ट झाल्या की त्यांवर पांढरे डोळे. ते घट्ट झाले की त्यांच्याभोवती आणि त्यांवरून काळा देह. आणि सर्वांत शेवटी, त्या साऱ्यावर पांघरूण घालावे तसा, चंद्र. जीजीच्या देहात रेषा जवळजवळ नाहीच. आहे तो एक काळा आकार आणि त्यात दोन मोठे डोळे. त्यामुळे त्याचा सारा स्वभाव त्या दोन बाहुल्यांच्या जागेवर अवलंबून. पहिल्या खेपेस माझी उजवी बाहुली मोहरीभर आत सरकली, तर बोका तिरळा आणि रागीट झाला. दुसऱ्या खेपेस त्या मोठ्या झाल्या, तर तो आमच्या जुन्या मामलेदारांसारखा भलताच प्रेमळ दिसू लागला. तिसऱ्या खेपेस नात म्हणाली, “हा जीजी.” तोवर हा चित्रपट मी तिच्या शेजारी बसून दोनदा पाहिला होता, पण बोका पाहिला तो त्या दुपारी.

आणि त्याच दुपारी दुसरी एक गोष्ट ध्यानात आली, तिने मी थक्क झालो. हा चित्रपट ज्या काळातला, त्या काळी अशी चित्रे पारदर्शक तावांवर करीत. रेषा तावाच्या पुढल्या अंगाने उतरवीत आणि रंग मागल्या अंगाने भरीत, हेतू हा, की पुढून पाहणाराला रेषा अखंड दिसावी आणि रंग तिच्यावर चढू नये. म्हणजे रंग भरणारा कारागीर चित्र पाठीमागूनच पाही. बटर पेपरवर ओणवे होऊन आम्ही तिघे जे करीत होतो ते, साधन लोण्याचे आणि हात अशिक्षित एवढा फरक वगळता, त्याच शाळेतले काम होते. ही कला दूरचित्रवाणीवर आली तीही काटकसरीच्या वाटेने. ओसामु तेझुका यांची यंत्रबालकाची मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली, तेव्हा दर आठवड्याचा भाग वेळेत आणि थोडक्या पैशांत पुरा करण्याकरिता एकच चित्र तीन-तीन चौकटींपर्यंत धरून ठेवीत आणि जुनी चित्रे पुन्हा वापरीत. मियाझाकींचा हात त्या मानाने कितीतरी सढळ. तरीही, हजारो वेळा काढावयाची आकृती थोड्या रेषांत आणि सपाट रंगांत बसली पाहिजे, हा हिशेब त्यांनाही सुटलेला नाही. दहा हातांनी काढली तरी ओळखू यावी अशी ती बेतलेली असते. म्हणूनच ती अकराव्या, अनभ्यस्त हातालाही थोडीफार वश होते.

इथे माझे मत स्पष्टच नोंदवतो. आपल्या शहरांत आता गल्लोगल्ली ‘फोटो केक’ मिळतो. दूरध्वनीवरून चित्र धाडावे, खाण्याच्या शाईने ते साखरेच्या पातळ पापुद्र्यावर छापले जाते आणि तासाभरात दुकानदार तो पापुद्रा केकवर चिकटवून देतो. नक्कल म्हणून ती निर्दोष असते. ज्या माउलीला कचेरीतून सुटून सात वाजता घरी पोचायचे आहे तिने तो आणला तर तिला बोल लावण्याचा अधिकार मला तरी नाही. परंतु त्या चित्राकडे छापणाऱ्या यंत्राखेरीज कोणी पाहिलेले नसते, आणि ज्या मुलीचा वाढदिवस ती निव्वळ गिऱ्हाईक होऊन बसते. याहून वाईट म्हणजे साखरेच्या कणकेत मढवलेले ते चारमजली देखावे: छायाचित्र होईपर्यंत त्यांचे कौतुक, आणि पुढे मुले ते जाड आवरण सोलून बशीच्या कडेला टाकतात. जे खायचेच नाही ते केकवर कशाला?

वडीलधाऱ्यांनाही एक सांगावयाचे आहे, आणि त्याला आधार याच चित्रपटाचा आहे. त्यात एक वृद्ध बाई नातीकरिता भोपळ्याचा आणि माशाचा पाय, म्हणजे आवरणात भाजलेला एक खारा पदार्थ, करते. विजेची भट्टी बिघडते म्हणून किकी जुनी लाकडाची भट्टी पेटवून देते, भर पावसात भिजत तो पोचवते, आणि दारात आलेली नात तोंड वाकडे करून म्हणते की हा पाय मला मुळीच आवडत नाही. ते दृश्य पाहताना मी त्या नातीवर संतापलो होतो. कोन हाती धरल्यानंतर मात्र मला त्या आजीविषयी एक शंका येऊ लागली: तिने नातीला विचारले होते काय? पुढे हीच बाई किकीसाठी चॉकलेटचा केक करते आणि त्यावर झाडूवर बसलेली किकीच चितारते. तो केक पाहून त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी येते.

सायंकाळी औक्षण झाले. केक पाटावर आला आणि सूनबाईंनी कागद सोलला. बोका अभंग निघाला. चंद्राची एक कड तेवढी ढासळली, ती ढग म्हणून खपली. परंतु चंद्राखाली मी मोठ्या डौलाने, एका दमात, शिरोरेघ कुठेही न तोडता लिहिलेले नातीचे तीन अक्षरी नाव समूळ उलटे आले होते. चित्राचा छापील कागद मी खिडकीच्या काचेवर धरून उलटा गिरवून घेतला होता. नाव मात्र गिरवण्याची गरज भासली नव्हती, कारण ते मला पाठ होते. चौतीस वर्षांत एकाही नकलेवर खाडाखोड नसलेल्या माणसाने मान खाली घातली. पोर क्षणभर पाहत राहिली, मग आईच्या मदतीने केक उचलून कपाटाच्या आरशासमोर घेऊन गेली आणि तिथून मोठ्याने आपले नाव वाचून दाखवले.

काजळाने व्हायचे ते झालेच. अर्ध्या तासात घरातल्या सर्वांच्या जिभा काळ्या झाल्या, तेव्हा सौभाग्यवतींनी, शेपटीचा तुकडा बशीत घेता घेता, आज उद्या कोणी वाईटसाईट बोलू नका म्हणून ताकीद दिली. चौथ्या कलमाप्रमाणे नावावर सुरी फिरली नाही. सूनबाईंनी ते उलथण्याने अलगद काढून एका बशीत ठेवले. ती बशी फ्रीझरमध्ये, वाटाण्याच्या पिशवीशेजारी, अद्याप आहे. आल्यागेल्याला नात ती काढून दाखवते आणि सोबत हातआरसा आणून देते.