याला काही घालावं लागत नाही!

"याला वेगळं काही घालावं लागत नाही काका, काच चाटून पोट भरतो." दुकानदाराच्या या एका वाक्यावर मी गेल्या वर्षी नातवाला ब्लेनी मासा घेऊन दिला. दहावीचं बक्षीस. जन्मभर मुलांना "प्रश्न विचारा रे" म्हणून ओरडलो, आणि तिथे मला स्वतःला एक प्रश्न सुचू नये! सातव्या आठवड्यात मासा मेला.

तेव्हा मंडळी, आज भांडायचं आहे. पहिलं भांडण नावाशी. बाजारात याला म्हणतात 'लॉनमोअर ब्लेनी', म्हणजे गवत कापायचं यंत्र. खरं नाव सॅलेरियस फॅसिएटस. हिंदी आणि प्रशांत महासागरांत प्रवाळांजवळच्या उथळ पाण्यात राहतो, फार तर 14 सें.मी. वाढतो. कंगव्यासारख्या बारीक दातांनी खडकावरचं शेवाळ आणि त्यात अडकलेला गाळ दिवसभर खरवडत असतो. एकदा यंत्र म्हटलं की त्याला जेवायला घालायचं कोणाच्या डोक्यात येणार?

नातवाची खाऱ्या पाण्याची टाकी तीन फुटी, जेमतेम दीड महिना जुनी. नव्या टाकीत असतं तसं शेवाळ माजलं होतं. पठ्ठ्याने ते तीन आठवड्यांत फस्त केलं. काच लखलखीत! येणारा-जाणारा कौतुक करी, आम्हीही फुशारून जायचो. सगळे काच बघत होतो, पोट कोणीच बघितलं नाही. ते आत गेलेलं दिसलं तेव्हा उशीर झाला होता.

माझे वडील पुण्यात वार लावून जेवले आणि शिकले. एखाद्या वारी त्या घराला कुलूप असलं की उपास. या बिचाऱ्याला सातही वार एकच घर, आणि तिथली चूल तिसऱ्या आठवड्यात विझलेली.

कोणी म्हणेल, भूक लागली की दुसरं खाईल. काही खातातही. पण काही दाण्यांकडे ढुंकून बघत नाहीत, आणि काही प्रवाळांनाच तोंड लावतात. मग 'त्रास देतो' म्हणून त्याचीच रवानगी परत दुकानात!

घ्यायचाच असेल तर टाकी काही महिने मुरू द्या. दुकानात रंग बघू नका, पोट बघा. खपाटीला गेलेलं असेल तर दया येऊनसुद्धा घेऊ नका. आपल्यासमोर खायला घालायला लावा. दुकानदार कां-कूं करू लागला तर चालू पडा. टाकीला झाकण हवंच, हा उड्या मारतो. जागा लहान असेल तर टेलस्पॉट ब्लेनी बरा, तो सहाएक सें.मी.चाच. मायडस ब्लेनी दिसायला देखणा, पण तो पाण्यात तरंगणारं बारीकसारीक खाणारा, त्याच्याकडून सफाईची अपेक्षाच नको. आणि ब्लेनींच्या कुळात एक महाभाग असाही आहे, की तो सफाई करणाऱ्या माशाचं सोंग घेतो आणि जवळ आलेल्याचे पर तोडतो. (आमच्या स्टाफरूममध्ये होते असे एक. असो.)

खाण्याचं म्हणाल तर सुशीला गुंडाळतात ती नोरी, पण बिनमिठाची, बिनतेलाची. तिचा तुकडा चिमट्याने खडकाजवळ लावायचा, उरलेला संध्याकाळी काढून टाकायचा. स्पिरुलिनाच्या गोळ्याही चालतात. सुरुवातीला काही दिवस तोंड फिरवील, कंटाळू नये.

सर्वांत चांगला उपाय मात्र बादलीचा. खाऱ्या पाण्याची बादली उन्हात ठेवायची, तिच्यात दगड. शेवाळ धरलेला दगड टाकीत, चाटून साफ झालेला परत बादलीत. नातवाच्या गॅलरीत सध्या अशी बादली आहे, आठ दगडांची. मासा अजून आणलेला नाही. सूनबाई रोज विचारते, "बाबा, ही घाण कधी टाकायची?" टाकायची नाही, असं मी तिला बजावून ठेवलंय.