शाकारणी

दोन वर्षांपूर्वी मुलाकडे ओहायोला गेलो होतो. त्याने नुकताच एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला होता. म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायची चाकांवरची खोलीच. आत बिछाने, शेगडी, सगळं. मोठ्या हौसेने दाखवत होता. माझी नजर मात्र छताकडे गेली. झरोक्याशेजारी रुपयाएवढा पिवळट डाग होता.

"अरे, हे गळतंय."

"बाबा, एवढंसं तर आहे. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा कोपऱ्यातली जमीन पायाखाली दबत होती. आतलं लाकूड बोटाने उकरलं तर भुसा निघाला. डाग झरोक्यापाशी आणि कुजलेलं लाकूड चार हात लांब! पाणी शिरतं एकीकडे आणि आतल्या आत वाट काढत दिसतं भलतीकडेच.

मग आम्ही दोघे शिडी लावून वर चढलो. त्याच्या ट्रेलरचं छत म्हणजे प्लायवूडवर ताणलेली रबराची चादर. मधे ती धड होती. गळत होतं ते सांध्यांतून: झरोक्याची कड, अँटेनाचं भोक, पुढची-मागची पट्टी. उन्हाने आणि रस्त्यावरच्या हादऱ्यांनी सांध्यातलं सीलंट तडकतं. आधीच्या मालकाने घाईघाईत वरून सिलिकॉन थापलं होतं. त्यावर दुसरं काही नीट चिकटत नाही, म्हणून ते खरवडण्यातच आमचा शनिवार गेला. मग छत धुऊन, पूर्ण सुकवून रबराला चालणारं लॅप सीलंट भरलं. सपाट जागी ते आपोआप पसरून स्क्रूची डोकी झाकतं. उभ्या कडांना मात्र न ओघळणारं लागतं.

काम करताना मी त्याला बोललो नाही. कारण बोलायचा हक्क मी गमावला आहे. कोकणातल्या आमच्या घराची वडील दरवर्षी मृगाच्या आधी शाकारणी करायचे. कौल फुटलेलं असो वा नसो, माणसं वर चढायचीच. मी नोकरीसाठी शहरात आलो आणि ओळीने दोन वर्षं म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू." तिसऱ्या पावसात वासा कुजून पडवी बसली. आई तेव्हा त्याच घरात एकटी होती. सुदैवाने माजघरात होती.

माझं मत असं की, डाग ही सूचना नव्हे, तो निकाल आहे. छत गळायला लागल्यावर बघायचं नसतं. गळत नसताना बघायचं असतं. ट्रेलर असेल तर दर तीन महिन्यांनी आणि लांबच्या प्रवासानंतर वर चढून प्रत्येक सांधा डोळ्यांखालून घाला. सीलंटची नळी स्वस्त असते, आतली चौकट नाही.

आमच्या वाडवडिलांना रबर ठाऊक नव्हतं, पण तारीख ठाऊक होती. मुलाने आता भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये चार तारखांना गोल केले आहेत. शेजारी लिहिलंय, 'शाकारणी'.

शब्द मी सांगितला नव्हता. आजीकडून ऐकला असणार.